मिलिसेकंदभर लक्ष

जॉयस्टिक कुठे आहे हे खुद्द जॉयस्टिकला माहीत नसतं.

हे मला कळायला बरेच दिवस लागले. कळलं तेव्हा आधी लिहिलेला सगळा ड्रायव्हर (कॉम्प्युटरला जॉयस्टिकशी बोलायला लावणारा प्रोग्राम) पुसून परत पहिल्यापासून लिहावा लागला, आणि त्या दुसऱ्या लिहिण्यातच मला कॉम्प्युटरबद्दल जे कळलं ते त्याआधीच्या कित्येक वर्षांत कळलं नव्हतं. म्हणून हे लिहितेय.

मी बोलतेय ते जुन्या पंधरा पिनांच्या गेम पोर्टबद्दल, यूएसबीच्या आधीच्या. त्या पोर्टात लागणाऱ्या साध्या जॉयस्टिकच्या आत दोन पोटेन्शियोमीटर असतात, म्हणजे जुन्या रेडिओवर आवाज कमीजास्त करायचं गोल बटण असायचं ना, त्याच्या आत असतो तोच प्रकार. एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या, यातल्या प्रत्येकाला अ‍ॅक्सिस म्हणतात. दांडा हलवला की त्यांचा रेझिस्टन्स शून्य ते साधारण एक लाख ओहमच्या मधे कुठेतरी जातो. बटणं म्हणजे साधे स्विच. ना चिप, ना मेमरी, ना कुठला प्रोटोकॉल. मग कॉम्प्युटरला कसं कळतं दांडा डावीकडे झुकलाय ते?

कॉम्प्युटर वाट बघतो. खरंच एवढंच. कार्डावर प्रत्येक अ‍ॅक्सिससाठी एक छोटा कपॅसिटर असतो, तो जॉयस्टिकच्या रेझिस्टन्समधून भरतो, रेझिस्टन्स जास्त तर भरायला वेळ जास्त. आपण पोर्ट अ‍ॅड्रेस २०१ वर (हेक्समधे) काहीही एक बाइट लिहायचा, काय लिहिला याला काही अर्थच नाही, फक्त लिहिला हे महत्त्वाचं, की कपॅसिटर भरायचा वेळ मोजणारे चारही टायमर एकदम सुटतात. मग तोच पोर्ट परत परत वाचत राहायचा. खालचे चार बिट म्हणजे चार अ‍ॅक्सिस, टायमर चालू आहे तोवर बिट १, संपला की ०. वरचे चार बिट म्हणजे चार बटणं, तीही उलटी, दाबलं की ०. बिट किती वेळ १ राहिला तो वेळ म्हणजे दांड्याची जागा.

आयबीएमने १९८१ मधे पहिल्या पीसीबरोबर हे गेम कंट्रोल अ‍ॅडॅप्टर आणलं. त्यात ५५८ नावाची चार टायमरवाली चिप आहे, आणि वेळेचं सूत्रही अगदी सरळ आहे: २४.२ मायक्रोसेकंद अधिक दर ओहममागे ०.०११ मायक्रोसेकंद. म्हणजे दांडा एका टोकाला असेल तर साधारण २४ मायक्रोसेकंद, दुसऱ्या टोकाला सव्वाअकराशेच्या आसपास, आणि बरोबर मधे असेल तर ५७४. ते २४.२ कुठून आलं याचा मी खूप विचार केला होता आणि उत्तर इतकं साधं निघालं, की रेझिस्टन्सच्या रांगेत कार्डावरच २२०० ओहमचा एक कायमचा रेझिस्टर बसवलेला असतो, २२०० गुणिले ०.०११, झालं. असं एखादं हिशेबातलं कोडं सुटलं की मला फार बरं वाटतं.

पण या सगळ्यात इंटरप्ट, म्हणजे सीपीयूला हातातलं काम थांबवायला लावणारी हाक, नाहीये. टायमर संपला हे कार्ड सांगत नाही. कीबोर्ड सांगतो, माउस सांगतो, डिस्क सांगते, झालं माझं काम, ये आणि घेऊन जा. गेम पोर्ट काही म्हणजे काही सांगत नाही. तुम्ही बघत असाल तर दिसेल, नाहीतर गेलं.

मी तेव्हा शिकायचं म्हणून एक छोटा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहीत होते. मशीन जुनं पेंटियम, त्यात आयएसए (जुन्या पद्धतीच्या स्लॉटचं) साउंड कार्ड, आणि त्याच कार्डावर हे पोर्ट. (साउंड कार्डवाल्यांनी या पोर्टाच्या १२ आणि १५ नंबरच्या पिना मिडीसाठी, म्हणजे वाद्यं जोडायच्या पद्धतीसाठी, वापरल्या, मूळ आयबीएमच्या कार्डात तिथे एक ग्राउंड आणि एक पाच व्होल्ट होते, म्हणजे एकाच भोकात पियानोही लागतो आणि विमानाचा दांडाही.) कीबोर्डचा ड्रायव्हर होता, टायमर होता, सिरियल पोर्ट होता, आणि मला वाटलं जॉयस्टिक म्हणजे एका संध्याकाळचं काम. पोर्टवर लिहा, लूपमधे वाचा, काउंटर वाढवा, बिट शून्य झाला की काउंटर परत द्या. वीस ओळी. चाललं पण. आकडे आले, दांडा हलवला की आकडे हलले, मी खूश.

मग नीट बघितलं तर आकडे मधेच उडी मारत होते. दांड्याला हातही न लावता ५५०, ५५१, ५४९, ५५०, आणि एकदम ४१२. परत ५५०.

४१२ का? मी काउंटर मोजत होते, वेळ नाही. लूपच्या मधेच मशीनच्या स्वतःच्या टायमरचा (जॉयस्टिकच्या नव्हे) इंटरप्ट आला, सीपीयू तिकडे गेला, तिकडचं काम करून परत आला, पण कपॅसिटर थोडाच थांबतो? तो आपला भरत राहिला. मी परत आले तोवर बराच भरलेला, म्हणून माझे फेरे कमी झाले. मला वाटत होतं मी दांडा मोजतेय, पण मी मोजत होते की माझं लक्ष दांड्याकडे किती वेळ होतं. हा फरक मला त्या रात्री दिसला आणि अजून विसरता येत नाही.

साहजिकच मनात पहिला उपाय आला तो म्हणजे इंटरप्ट बंद करायचे. मोजायला सुरुवात करताना बंद, झालं की चालू. उड्या थांबल्या, आकडे शांत झाले, आणि मी समाधानाने झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी सिरियल केबलवरून नवीन कर्नल त्या मशीनवर पाठवायला लागले तर चेकसम (फाईल शाबूत पोचली का ते ताडायचा आकडा) जुळेना. परत पाठवला, परत नाही. केबल बदलली, स्पीड तोच ठेवला, नाही. दोन दिवस मी सिरियलच्या ड्रायव्हरमधे चूक शोधत होते, तो ड्रायव्हर बिचारा महिनाभर नीट चालत होता तरी. शेवटी जॉयस्टिकचं टेस्ट बंद केलं आणि फाईल पहिल्या झटक्यात गेली.

हिशेब मांडला तेव्हा सगळं उघड होतं. ११५२०० बॉडला एक बाइट यायला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात. यूएआर्टच्या (सिरियल पोर्ट सांभाळणाऱ्या चिपच्या) बफरमधे १६ बाइट मावतात, मी त्याला सांगितलेलं की १४ भरले की मला हाक मार, म्हणजे हाक मारल्यावर माझ्याकडे दोन बाइटांचा, जेमतेम पावणेदोनशे मायक्रोसेकंदांचा वेळ. आणि मी मात्र दांडा टोकाला असेल तर अकराशे मायक्रोसेकंद सगळे दरवाजे लावून बसलेली. तेवढ्यात तेरा बाइट येऊन जातात. त्यातही जोडलेल्या जॉयस्टिकला दोनच अ‍ॅक्सिस, उरलेल्या दोन अ‍ॅक्सिसच्या जागी तारच नाही, म्हणजे तो कपॅसिटर कधी भरणारच नाही, त्याचा बिट कायमचा १, आणि मी चारही शून्य व्हायची वाट बघत टाइमआउटपर्यंत, तीन मिलिसेकंद! तीन मिलिसेकंदात चौतीस बाइट.

कशाकडे तरी पूर्ण लक्ष द्यायचं म्हणजे बाकी सगळ्यांना कळवायचंच नाही, असं मी केलं होतं. एका दांड्यासाठी अख्खं मशीन बहिरं केलं होतं.

इथे मी लिनक्सचा, म्हणजे कोणालाही वाचता येणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा, सोर्स कोड उघडला. व्होयतेख पाव्लिक या चेक प्रोग्रामरने लिनक्समधल्या जॉयस्टिक आणि गेम पोर्टच्या ड्रायव्हरचं बरंचसं काम केलंय, आणि ते ड्रायव्हर वाचणं हा माझ्यासाठी एखाद्या जुन्या कारागिराच्या शेजारी बसून त्याचे हात बघण्यासारखा अनुभव होता. दुसऱ्याचा कोड मी त्याआधी उत्तर शोधायला वाचायचे. हा मी चवीने वाचला, रोज थोडा थोडा.

त्यात एनएस५५८ नावाचा एक ड्रायव्हर आहे, जो मुळात पोर्ट आहे की नाही हे शोधतो. ऐकायला सोपं वाटतं पण विचार करा, ज्या हार्डवेअरला स्वतःचं नाव सांगता येत नाही, कुठला आयडी नाही, कसलं रजिस्टर नाही, ते तिथे आहे हे ओळखायचं कसं? तर त्याच्या वागण्यावरून. आधी बघायचं की आपण लिहिलेली किंमत तशीच परत येत नाही ना, तशी आली तर ते दुसरंच कुठलं तरी रजिस्टर आहे, मागे व्हायचं, जुनी किंमत परत ठेवायची. मग ट्रिगर करायचा, म्हणजे पोर्टवर लिहून टायमर सोडायचे, आणि हजार वेळा वाचून बघायचं की निदान काही बिट तरी बदलतायत का. मग काही मिलिसेकंद थांबायचं, आणि आता मात्र काहीही बदलता कामा नये, कारण एव्हाना सगळे टायमर संपलेले असणार. हलायला हवं तेव्हा हलतंय आणि शांत व्हायला हवं तेव्हा शांत होतंय, मग हे गेम पोर्टच. अनोळखी माणसाला सुद्धा आपण असंच ओळखतो, आधी न बोलता थोडा वेळ बघून.

आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर अ‍ॅनालॉग नावाच्या ड्रायव्हरमधे होतं. तो इंटरप्ट पूर्ण वेळ बंद ठेवतच नाही. एक रीड करायचा आणि लगेच घड्याळ बघायचं, एवढ्यापुरतेच बंद, की लगेच चालू, ज्याला यायचंय त्याने येऊन जावं, मग परत बंद, परत रीड, परत घड्याळ. आणि जेव्हा एखादा बिट बदललेला दिसतो तेव्हा तो अजून एक गोष्ट तपासतो: याच्या आधीचा रीड आणि हा रीड यांच्यात किती वेळ गेला? कमी गेला असेल तर हा बदल आपल्या डोळ्यांसमोर झाला, वेळ लिहून घ्यायची. जास्त गेला असेल तर मधे कोणीतरी आलं होतं, बिट नक्की केव्हा पडला हे आपण पाहिलेलं नाही, हे रीडिंग धरायचं नाही.

मी ते वाचून खुर्चीत मागे टेकून बराच वेळ बसले होते. माझे दोन्ही प्रयत्न एकाच हट्टातून आले होते, की प्रत्येक रीडिंग बरोबरच आलं पाहिजे. पहिल्यात मी चुकीचं रीडिंग बरोबर समजून पुढे ढकललं. दुसऱ्यात ते बरोबर यावं म्हणून सगळ्यांना गप्प बसवलं. इथे मात्र मधे कोणी येणार हे आधीच मान्य केलंय, फक्त ते आलं होतं याची नोंद ठेवलीय. आणि ड्रायव्हर बंद होताना तो लॉगमधे लिहून जातो, एवढ्या रीडपैकी एवढे फसले, एवढे टक्के. कोणी विचारलेलं नसताना.

मग मी परत लिहायला बसले. पहिल्यांदा काउंटर काढून टाकला आणि खरं घड्याळ घेतलं. आयएसए बसवर एक रीड व्हायला साधारण एक मायक्रोसेकंद लागतो, सीपीयू कितीही फास्ट असला तरी तिथे त्याला थांबावंच लागतं, म्हणून एका मशीनवर फेरे मोजले तरी आकडे स्थिर दिसतात आणि आपण फसतो. दुसऱ्या मशीनवर तोच दांडा वेगळे फेरे देतो. सीपीयूचे वेग वाढत गेले तसे जुने गेम जॉयस्टिकच्या बाबतीत का गोंधळायचे, आणि काही गेम कार्डांवर वेग जुळवायला फिरवायचं एक बटणच का दिलेलं असायचं, ते मला इथे समजलं. माझ्यासमोर दोन घड्याळं होती. एक पीसीचा जुना टायमर, ११९३१८२ हर्ट्झचा, पक्का पण वाचायला हळू, आणि दुसरा पेंटियमपासून सीपीयूच्या आतच आलेला टाइमस्टँप काउंटर, एका इन्स्ट्रक्शनमधे वाचता येतो. मी दुसरा वापरला, आणि बूट होताना पहिल्याशी ताडून घेतला. (पुढे सीपीयू स्वतःचा वेग बदलायला लागले तेव्हा या काउंटरवरही आंधळा विश्वास ठेवता येईना, पण माझ्या मशीनचा वेग कायम एकच होता.)

मग आली ती न जोडलेल्या अ‍ॅक्सिसची गोष्ट. सुरुवातीला एकदा ट्रिगर करून पुरेसा वेळ थांबायचं, जे बिट खाली आले ते खरे, जे नाही आले ते नाहीत, आणि त्यानंतर फक्त खऱ्यांचीच वाट बघायची. सोपं आहे, पण यात एक खोच आहे जी मला आवडते. या पोर्टाच्या दृष्टीने वायर तुटणं आणि रेझिस्टन्स खूप जास्त असणं ही एकच गोष्ट आहे, बिट १ राहतो बस. ‘फार लांब आहे’ आणि ‘नाहीच आहे’ यांच्यात फरक करायला त्याच्याकडे काही साधन नाही, तो फरक आपणच ठरवायचा, अमुक इतकी वाट पाहिली, आता नाही म्हणायचं. ती मर्यादा किती ठेवायची यावर मी एक पूर्ण रविवार घालवलाय. कमी ठेवली तर झिजलेली जुनी जॉयस्टिक टोकाला गेली की गायब होते. जास्त ठेवली तर प्रत्येक वेळी मशीनचा वेळ वाया. आणि आधीचं मोजणं पूर्ण संपायच्या आत परत ट्रिगर करायचा नाही, नाहीतर पुढचं रीडिंग चुकतं, तेही पाळायचं.

कॅलिब्रेशनबद्दल, म्हणजे मोजलेला आकडा दांड्याच्या खऱ्या जागेशी जुळवण्याबद्दल, खूप लिहिता येईल पण थोडक्यात सांगते. सूत्राप्रमाणे मध्य ५७४ यायला हवा, माझ्या कार्डावर तो ५४८ च्या आसपास येत होता, कारण कपॅसिटर छापलेल्या किंमतीइतकाच असतो असं कोणी सांगितलंय. दोन्ही बाजूंचा उतारही सारखा नसतो. म्हणून डावीकडे एक रेघ, उजवीकडे दुसरी रेघ, मधे थोडी सपाट जागा, आणि सगळं पूर्णांकात, कारण कर्नलच्या आत फ्लोटिंग पॉइंट वापरायचं टाळतात. लिनक्सही असंच करतं, उतार एका मोठ्या आकड्याने गुणून ठेवतं आणि शेवटी १४ बिट उजवीकडे सरकवतं, म्हणजे तितक्याने परत भागतं.

थरथर कमी करायची लिनक्सची पद्धत मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. नवीन किंमत जुनीच्या अगदी जवळ असेल तर जुनीच ठेवायची. थोडी लांब असेल तर तीन भाग जुनी, एक भाग नवीन. अजून थोडी लांब असेल तर अर्धी अर्धी. आणि खरंच लांब गेली असेल तर काही न विचारता नवीन घ्यायची, कारण तिथे माणसाने मुद्दाम हात हलवलाय. चार ओळींचा कोड आहे, पण लिहिणाऱ्याने हाताची थरथर आणि हाताची इच्छा यातला फरक विचारात घेतलाय.

पुढे पुढे लोकांनी या बिचाऱ्या पोर्टातून काय काय काढून घेतलं ते बघितलं की मन भरून येतं. चारच बटणांच्या तारा, पण लोकांना अंगठ्याने चारी दिशांना हलणारा हॅट पाहिजे होता, मग एका कंपनीने अनेक बटणं एकदम दाबल्याचे संकेत हॅटच्या दिशांसाठी वापरले, आणि दुसरीने चौथ्या अ‍ॅक्सिसवर प्रत्येक दिशेला वेगळा रेझिस्टन्स लावला. मग डिजिटल जॉयस्टिक आल्या. त्यांनी बटणांच्या तारांवरूनच क्लॉक आणि डेटा पाठवायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टच्या साइडवाइंडर थ्रीडी प्रो ला डिजिटल मोडमधे न्यायला ड्रायव्हर ट्रिगर करतो, १४० मायक्रोसेकंद थांबतो, परत ट्रिगर, ८६५, परत, ४४०. दारावर ठरलेल्या ठेक्यात टकटक केल्यासारखं. त्या ड्रायव्हरमधे काही ठरलेले वेळ आहेत, त्यांच्यावर इशारा लिहून ठेवलाय की हे बदललेत तर एखादा त्रास जाईलही पण सगळं बंदही पडू शकतं. मला तो इशारा फार प्रामाणिक वाटतो. लिहिणाऱ्याने ते आकडे तासन्‌तास बसून शोधलेले असणार.

आता हे सगळं गेलं. यूएसबीची जॉयस्टिक स्वतःच्या आतच मोजते, स्वतःचं वर्णन स्वतः देते, मला इतके अ‍ॅक्सिस, इतकी बटणं, आणि तयार आकडे पाठवते. विंडोजने विस्टापासून गेम पोर्टचा सपोर्ट काढून टाकला. योग्यच आहे, एका दांड्यासाठी सीपीयूने मिलिसेकंदभर खोळंबून राहायचं हे १९८१ मधे परवडलं कारण तेव्हा चिप महाग होती आणि गेम चालू असताना मशीनवर त्याच्याशिवाय दुसरं फारसं काही चालत नसायचं. मी पण रोज यूएसबीचंच वापरते. पण तयार आकडा हातात आला की तो कसा आला, मोजताना मधे काय काय झालं, हे विचारायची सोय राहत नाही, आणि मला ते विचारायची सवय या पोर्टाने लावलीय. आता कुठल्याही सेन्सरचा आकडा समोर आला की मी आधी बघते, फसलेल्या रीडिंगची नोंद कुठे आहे. बहुतेक ठिकाणी नसते.

माझा ड्रायव्हर पूर्ण झाला त्या रात्री मी जॉयस्टिक टेबलावर ठेवली आणि टेस्ट चालू करून बाजूला बसले, त्याच वेळी सिरियलवरून एक मोठी फाईल पाठवत. फाईल नीट गेली, चेकसम जुळला. मधे मधे रीडिंग फसत होती, मोजली जात होती, टाकली जात होती. उरलेल्यात एक्सचा आकडा ५४८ वर स्थिर. मग मी दांड्याच्या वरच्या टोकाला बोट टेकवलं, ढकललं नाही, नुसतं टेकवलं. ५५०. उचललं. ५४८. परत टेकवलं. ५५०. चार वेळा करून पाहिलं, दर वेळी दोन मायक्रोसेकंद.